गोठ्यातून घरी आलेला ताप

2022 साली लम्पी त्वचारोगाची साथ मराठवाड्यात पसरली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी दुधाचा रतीब बंद केला होता. जनावरांच्या अंगावरच्या गाठींची छायाचित्रे प्रत्येक मोबाइलवर फिरत होती आणि दूध प्यायल्याने माणसालाही तशाच गाठी येतात, असे छातीठोकपणे सांगणारे पारापारावर भेटत होते. अशाच एका घराने दूधवाल्याला दारातून परत पाठवले. त्याच आठवड्यात त्यांच्या परसात बांधलेली शेळी दिवस भरण्याआधीच गाभडली. घरच्या सुनेने मेलेले करडू आणि जार, म्हणजे त्याच्यामागून पडणारी वार, उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकले, हात नुसत्या पाण्याने खंगाळले आणि ती भाकरी थापायला बसली. लम्पी माणसाला होत नाही. गाभडलेल्या शेळीच्या जारातून माणसाला जो ताप येऊ शकतो, त्याचे ब्रुसेलोसिस हे नाव मात्र त्या घरात कोणी ऐकलेले नव्हते.

मी ते नाव ऐकले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि तरीही तो ताप मला आला. लातूर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी 31 वर्षे नोकरी केली. लोकांच्या भाषेत सांगायचे तर मी ‘ढोरांचा डॉक्टर’ होतो, आणि वरिष्ठांच्या भाषेत डॉक्टर नव्हतो. देवणी गाई, लाल कंधारी बैल, मराठवाडी म्हशी आणि घरोघरच्या उस्मानाबादी शेळ्या एवढ्यांत माझा जन्म गेला. 2003 सालच्या उन्हाळ्यात शेतातल्या एका आखाड्यावरून रात्री निरोप आला की गाय सातव्या महिन्यात गाभडली असून दुसरा दिवस उलटला तरी जार पडलेला नाही. तेव्हाची आमची पद्धत अशी होती की हात घालून जार सोडवायचा. गाईचा जार गर्भाशयाला बटणांसारख्या गाठींनी चिकटलेला असतो, आणि आत काही दिसत नसल्याने बोटांच्या टोकांनी एकेक बटण चाचपत ते सोडवावे लागते. अर्धा-पाऊण तास खांद्यापर्यंतचा हात आत असतो, वास कपड्यांत मुरतो आणि गाय कळ देते तेव्हा तोंडावरही शिंतोडे उडतात. आज असा जार ओढून काढू नये असेच शिकवतात, कारण त्याने गर्भाशयाला इजा होते. त्या वेळी मात्र न काढणारा माणूस कामचुकार ठरत असे.

दवाखान्यातले लांब हातमोजे कृत्रिम रेतनासाठी मोजून मिळायचे आणि त्या दिवशी माझ्या पेटीत एकही शिल्लक नव्हता. मालक कंदील धरून उभे होते आणि म्हणत होते, “साहेब, तेल लावा अन् घाला हात, आमचे वडील असंच काढायचे.” मी तेल लावले. आदल्या दिवशी बाभळीच्या काट्याने अंगठ्याच्या मुळाशी ओरखडा पडला होता, तो तेलाने चरचरला हे मला अजून आठवते. काम झाल्यावर मालकीणबाईंनी राखेने हात धुवायला पाणी दिले, गुळाचा चहा दिला, आणि मी मोटारसायकलला किक मारून घरी आलो.

तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. हा ताप चोरपावलांनी येतो. सकाळी माणूस ठीक असतो, कामावर जातो, दुपार कलली की अंग मोडून येते, संध्याकाळी थंडी वाजते आणि रात्री इतका घाम येतो की उशीचा अभ्रा पिळून काढावा. त्या घामाला मी गोठ्यात उभा असल्यासारखा वास होता, असे पत्नी म्हणायची, आणि मला ते तेव्हा लागट वाटायचे. काही दिवस ताप पूर्ण उतरायचा आणि आपण बरे झालो असे वाटू लागताच परत चढायचा. गावातल्या दवाखान्यात विडाल तपासणी झाली, टायफॉइड निघाला, सलाइन लागली. महिन्याभराने परत टायफॉइड निघाला. मराठवाड्यात लांबलेल्या तापाला टायफॉइड म्हणण्याची सवय इतकी पक्की आहे की ज्याला दोनदा टायफॉइड झाला नाही, असा माणूस माझ्या पाहण्यात कमीच असेल. तिसऱ्या महिन्यात कंबर धरली. बसलो की उठवेना, उठलो की बसवेना. एका मोठ्या दवाखान्यात मणक्याच्या क्षयाची शंका घेण्यात आली आणि त्याची औषधे लिहून देण्याची तयारी झाली.

या सगळ्या महिन्यांत मला सहा जणांनी तपासले आणि माझ्या कामाविषयी एकानेही विचारले नाही. खरे सांगायचे तर मीही ते सांगितले नाही, आणि दोष द्यायचाच तर आधी मला द्यावा लागेल, कारण गाईची लक्षणे विचारताना चारा काय, पाणी कुठले, शेजारच्या गोठ्यात काय चालले आहे हे खोदून विचारणारा मी स्वतःच्या बाबतीत मुका झालो होतो. सातवा डॉक्टर वयाने अगदी तरुण होता. त्याने कागद बाजूला ठेवले आणि विचारले, “काका, तुम्ही काम काय करता?” मी सांगितले. त्याने माझ्या हातांकडे पाहिले आणि पुढचा प्रश्न केला, “एवढ्यात कुठली गाय गाभडली होती का?”

रक्त तपासायला गेले. ब्रुसेला जिवाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये मोजणाऱ्या चाचणीत 1:160 च्या पुढचे प्रमाण सहसा संशयास्पद धरतात आणि माझे 1:640 आले. उपचार तसे साधे पण चिकाटीचे असतात. डॉक्सिसायक्लीन दिवसातून दोनदा आणि त्याच्या जोडीला दुसरे एक प्रतिजैविक, असे निदान 6 आठवडे घ्यावे लागते. हा जिवाणू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, त्यामुळे एकट्या औषधाने किंवा अर्धवट उपचाराने तो तात्पुरता दबतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. जोडीला जी औषधे देतात, त्यांतली रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही क्षयावरचीही औषधे आहेत. म्हणजे क्षय समजून उपचार झाले असते, तर मला थोडे बरे वाटलेही असते आणि खरा आजार नावाशिवायच राहिला असता. रक्त प्रयोगशाळेत पाठवताना त्या तरुण डॉक्टरने चिठ्ठीवर संशयित आजाराचे नाव ठळक लिहिले, ते मला फार आवडले. हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवताना तिथल्या तंत्रज्ञालाच लागण होण्याची भीती असते आणि ते नाव पुढच्या माणसाला सावध करण्यासाठी होते.

या तापाचा इतिहास माल्टा बेटाशी जोडलेला आहे. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना असाच चढता-उतरता ताप येई. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये मृत सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा केला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 साल उजाडले. तिथलेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झमित यांनी बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा वरून धडधाकट दिसणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांमध्येच तो आढळला. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. शेळी धडधाकट दिसत होती, ही गोष्ट मी आजही शेळीवाल्या बायकांना पुन्हा पुन्हा सांगतो. आमच्याकडे रोगट जनावर म्हणजे मान टाकलेले, चारा सोडलेले जनावर. ब्रुसेलाची लागण झालेली गाय एकदा गाभडते आणि पुढच्या वेतात कित्येकदा व्यवस्थित विते, मात्र तिच्या जारातून, स्रावातून आणि दुधातून जिवाणू बाहेर पडत राहू शकतात. ओल्या, सावलीच्या जागी ते कित्येक आठवडे टिकतात आणि कडक उन्हात लवकर मरतात. आपले ऊन एवढ्या एका कामी उपयोगी पडते.

दुधाच्या बाबतीत आपली स्वयंपाकघरे शहाणी आहेत. दूध आले की आधी तापवायचे, हा संस्कार घरोघरी आहे आणि उकळीने हा जिवाणू मरतो. अडचण तालमीतल्या पोरांची आणि त्यांना धारोष्ण दुधाचे माहात्म्य सांगणाऱ्या वस्तादांची आहे. कासेतून थेट तोंडात घेतलेली धार ही ताकदीची खूण मानणाऱ्यांशी मी बरेच वाद घातले आणि बहुतेक हरलो.

गोठ्यात काम करणाऱ्याला मात्र दुधापेक्षा हातांवाटेच अधिक धोका असतो. बारीक ओरखडा, डोळ्यात उडालेला शिंतोडा, जार उचलताना श्वासातून आत गेलेले तुषार, एवढे पुरते. जनावरांसाठी लस आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 2019 पासून लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश झाला आणि 4 ते 8 महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच ही लस टोचतात. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या जिवाणूंची असते, त्यामुळे कालवडीने झटका दिला आणि सुई आपल्याच बोटात शिरली, तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या बोटात ती अशी शिरली होती. त्याने बोट तोंडात घातले, चोखून थुंकले आणि पुढची कालवड धरली. संध्याकाळी मी त्याला बळेच डॉक्टरकडे नेले. माणसांसाठी आपल्याकडे वापरात असलेली लस अजून नाही.

ब्रुसेलोसिसने माणूस सहसा मरत नाही, महिनोन् महिने झिजतो. रेबीजचे तसे नाही. लक्षणे सुरू झाली की तिथून परत येण्याची वाट जवळजवळ नाहीच. गावात पिसाळलेल्या कुत्र्याची भीती सर्वांना असते, पण पिसाळलेली म्हैस ओळखू येत नाही, कारण ती सहसा चावत नाही. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा गळतात, आवाज घोगरा होतो, पाण्यात तोंड घालते पण घोट उतरत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात काही अडकले. अशाच एका म्हशीसाठी मला बोलावले होते. मी पोहोचेपर्यंत मालकाने, त्याच्या भावाने आणि सालगड्याने पाळीपाळीने कोपरापर्यंत हात तिच्या घशात घालून पाहिला होता, आणि सालगड्याच्या बोटावर विळ्याची ताजी चीर होती. मी बॅटरीने तोंडात पाहिले, हात घातला नाही. मग विचारत बसलो. दीड महिन्यापूर्वी एक अनोळखी कुत्रे आखाड्यावर आले होते आणि म्हशीच्या नाकाडाला ओरबाडून गेले होते, हे घरातल्या धाकट्या मुलाला आठवले. मोठे सगळे विसरले होते.

तिघांनाही तिथेच हौदावर उभे करून साबणाने हात धुवायला लावले आणि घड्याळ लावून 15 मिनिटे धुवायला लावले. मालक म्हणाला, “ती तर चावली नाही की.” चावण्याची गरज नसते, लाळ ताज्या चिरेत गेली तरी पुरते, हे सांगण्यात अर्धी सकाळ गेली. सालगड्याला लशीबरोबर जखमेत टोचायचे रेबीजचे प्रतिद्रव्यही द्यावे लागले. त्यासाठी त्याला जिल्ह्याच्या गावी पाठवले, तर तो निम्म्या वाटेवरून परत आला, कारण दिवस बुडाला असता. शेवटी मालकाला सोबत पाठवले. ती म्हैस तिसऱ्या दिवशी मेली, आणि ते तिघेही धडधाकट आहेत. सालगडी अजून पोळ्याला फोन करतो.

फाशी या आजाराची गोष्ट वेगळी आहे, आणि तिला आपल्या गावगाड्याची एक काळी बाजू आहे. जनावरांत फाशी आणि माणसाच्या कातडीवर काळपुळी म्हणतात तो अँथ्रॅक्स हा जमिनीत वर्षानुवर्षे, कित्येकदा दशकानुदशके, बीजरूपात टिकून राहणारा आजार आहे. कालपर्यंत चरणारे जनावर अचानक मरते, नाकातून आणि गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येते. अशा जनावराला चिरायचे नाही, त्याचे कातडे सोडवायचे नाही, जागेवरच जाळायचे किंवा चुना टाकून खोल पुरायचे, असा नियम आहे, कारण शव उघडले की आतला जिवाणू हवेशी संबंध येऊन बीजरूप धारण करतो आणि ती जमीन कायमची धोक्याची होते. हे ज्ञान आज पुस्तकात आहे. पिढ्यानपिढ्या मात्र मेलेली ढोरे ओढण्याचे आणि सोलण्याचे काम गावाने ठरावीक जातींच्या माथी मारले होते, आणि हातावर काळी खपली धरलेली पुळी घेऊन तापाने गेलेली त्यांतली माणसे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी होते. पशुरोग शिकलेल्या माणसाला त्यात आरोग्याचाही धडा दिसतो.

कोंबड्यांच्या बाबतीत परभणीजवळच्या मुरुंबा गावाचे नाव 2021 च्या जानेवारीत राज्यभर झाले, तेव्हा बर्ड फ्लूच्या निदानानंतर पक्षी मारायला गेलेल्या कर्मचाऱ्यांना अंगभर संरक्षक पोशाख मिळाला होता. करोनाच्या वर्षाने तो पोशाख सर्वांच्या ओळखीचा केला होता, हेही त्यामागे असावे. शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवर येणारा मावा धनगरांच्या बोटांवर गाठ उठवतो आणि महिना-दीड महिन्यात आपोआप जातो, त्याविषयी फार काही सांगण्यासारखे नाही.

ऊसतोडीविषयी मात्र सांगितले पाहिजे. बीड, धाराशिव, परभणीकडची हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात. कोपीच्या कुडाला लागूनच बैल बांधलेले असतात, त्यांचे मूत त्याच चिखलात जाते, आणि उसाच्या फडात उंदीर असतातच. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हाताच्या-पायाच्या चिरांतून आणि पाण्याने भिजून मऊ झालेल्या कातडीतून शरीरात शिरतो. पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात, काहींना कावीळ होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 1930 च्या दशकात ऊसतोड कामगारांत हा आजार इतका फोफावला की कामगारांनी संप केला. त्यांची मुख्य मागणी होती, फड आधी पेटवा, उंदीर पळू द्या, मग आम्ही तोडू. पुढे ती मान्य झाली. आपल्याकडे मुकादमाची उचल घेऊन गेलेल्या जोडप्याने ‘आधी फड पेटवा’ म्हणावे, ही कल्पना करून पाहावी. त्याला ताप आला तर एका कोयत्याचा खाडा पडतो, एवढीच त्याची नोंद होते.

तीनशे वर्षांपूर्वी, 1700 साली, बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना सुचवले होते की रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांमध्ये आणखी एका प्रश्नाची भर घालावी, तो काम काय करतो. आपल्याकडे केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. त्यात पुरुषापुढे ‘शेती’ आणि बाईपुढे ‘गृहिणी’ असे लिहून मोकळे होतात. ‘शेती’ या दोन अक्षरांत नांगरणाराही येतो आणि रात्री गाईचा जार ओढणाराही येतो. ‘गृहिणी’ या शब्दाने तर सगळाच घोटाळा होतो, कारण मराठवाड्यात शेळ्यांचे बाळंतपण बहुतेक बायकाच करतात, आणि त्या कामाला काम म्हणण्याची कोणालाच सवय नाही, अगदी त्यांनाही नाही. 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पशुवैद्यकीय कामातून आणि जनावरे किंवा त्यांची शवे हाताळण्याच्या कामातून जडणारे संसर्ग व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले होते. परंतु ज्या तापाला कागदावर टायफॉइड म्हटले गेले, त्याच्यासाठी कोण कोणाकडे काय मागणार? मी स्वतः सरकारी नोकरीत होतो, तरी माझी चार महिन्यांची रजा ‘दीर्घ ताप’ या कारणावर मंजूर झाली होती, आणि ते कारण बदलून घेण्याचा कंटाळा मी केला, याची मला खंत आहे.

सुरुवातीला जिच्याविषयी लिहिले, त्या शेजारच्या सुनेकडे आता चार शेळ्या आहेत. मागच्या पंधरवड्यात तिची सासू आमच्या ओसरीवर येऊन टेकली आणि म्हणाली, “भाऊ, हिला महिना झाला, रोज सांजच्याला कणकण येते बगा. टायफॉइडच्या गोळ्या झाल्या.” मी शेळ्यांविषयी विचारले. त्यांतल्या पाटीची, म्हणजे तरुण शेळीची, पहिलीच वेळ होती आणि तीही दिवाळीनंतर गाभडली होती. जार कोणी उचलला हे विचारण्याची गरज नव्हती. मी एक कोरा कागद घेतला, त्यावर सुनेचे नाव आणि वय लिहिले, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘व्यवसाय: शेळीपालन. दोन महिन्यांपूर्वी शेळी गाभडली, जार उघड्या हाताने काढला. ब्रुसेलाची तपासणी करावी ही विनंती.’ तो कागद केसपेपरला टाचून द्यायला सांगितले. त्याबरोबर माझ्याकडचे हातमोज्यांचे एक पाकीट दिले, तर सासूबाईंनी त्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, “हे घालून शेळी दूध देईल का?” धारेसाठी नको, विताना घालायचे, असे सांगितले. मंगळवारी रक्त घेतले आहे. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे, आणि उरलेल्या तीन शेळ्यांचे रक्त तपासायला कोणाला सांगावे, हे मी तोवर ठरवतो आहे.